गच्चीवरचा सूर्य आणि गच्चीखालचें घर

सूर्यनारायणाशीं आपल्या घराण्यांचा संबंध जुना आहे. सकाळीं संध्येच्या वेळीं त्याला अर्घ्य द्यावें, रथसप्तमीला अंगणांत रांगोळीचा रथ काढून दूध उतूं घालावें, आणि चैत्र-वैशाखांत गच्चीवर पापड-कुरडया पसरून त्या त्याच्याकडून वाळवून घ्याव्या, एवढ्यावर हा संबंध पिढ्यान्‌पिढ्या सुखानें चालला होता. अलीकडे मात्र त्यांत एक नवा व्यवहार शिरला आहे. सूर्यापासून वीज घ्यावी, ती घरांत वापरावी, उरली तर वीज कंपनीला द्यावी, आणि महिन्याच्या अखेरीस बिलाचा आंकडा शून्याच्या जवळ आलेला पाहून समाधान पावावें, असा हा व्यवहार आहे. व्यवहार चांगला आहे, हें प्रथमच सांगून टाकतों. कोणाला त्यापासून परावृत्त करावें असा या लेखाचा हेतु नाहीं. परंतु या व्यवहारांत सूर्य, वीज कंपनी व ग्राहक या तिघांखेरीज एक चौथा पक्ष असतो, आणि त्याला सहसा कोणी विचारीत नाहीं. तो पक्ष म्हणजे आपल्या घराचें छप्पर. त्याची बाजू वाचकांपुढें मांडावी, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

आमच्या घरांत हा विषय निघाला तो असा. आमचें घर पुण्याच्या एका जुन्या पेठेंत आहे. मूळचा वाडा मोडकळीस आला तेव्हां तो उतरवून आजोबांनीं १९७४ सालीं तेथें दुमजली स्लॅबचें घर बांधलें. आज त्यांत तीन भावांचीं कुटुंबें एकत्र नांदतात. स्वयंपाकघर एक, मीटर एक, आणि त्या मीटरच्या बिलावरून होणारी कुरबूरही एकच. एके रविवारीं जेवतांना धाकट्या पुतण्यानें सौर विजेच्या शासकीय योजनेची सर्व माहिती मंडळींपुढें मांडली. केंद्र शासनाची ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झाली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेलें बसावीं, हें तिचें उद्दिष्ट. पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये आणि तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेस एकूण ७८,००० रुपये अनुदान, असा तिचा सर्वसाधारण दर. एका किलोवॉटला सुमारें १०० चौरस फूट, सावली न पडणारी जागा लागते, आणि आपल्या भागांत तेवढ्या जागेंतून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. तीन किलोवॉट बसविले तर महिन्याला साडेतीनशें युनिटांच्या आसपास. पुतण्याचा हिशेब चोख होता, आणि घरांत सर्वांना तो पटला.

पुढच्याच आठवड्यांत पॅनेलें बसविणाऱ्या एका व्यावसायिकाचे गृहस्थ घरीं आले. त्यांनीं गच्चीवर जाऊन मापें घेतलीं, दक्षिण दिशा पाहिली, पाण्याच्या टांकीची सावली कोठें पडते तें पाहिलें, आणि दहा मिनिटांत खालीं येऊन कागदावर आकृति काढून दिली. थोरले काका आयुष्यभर हिशेबनिसाची नोकरी केलेले, कागद उलटासुलटा पाहून त्यांनीं विचारलें, “वर काय ठेवणार तें समजलें. पण ज्याच्यावर ठेवणार, तें आपण पाहिलेंत का?” गृहस्थ हंसून म्हणाले, “काका, पॅनेलें अगदीं हलकीं असतात. काळजीचें कांहीं कारण नाहीं.” काका गप्प बसले, परंतु त्यांचें समाधान झालें नाहीं, हें आम्हांला दिसत होतें. त्या एका प्रश्नापायीं पुढें आम्हीं जी चौकशी केली, तिचें सार येथें देत आहों.

प्रथम परवानगीचा भाग पाहूं. गच्चीवर पॅनेलें बसविण्यासाठीं आपण अर्ज करतों तो मुख्यतः विजेच्या जोडणीसाठीं. ग्राहक क्रमांक कोणता, मंजूर भार किती, बँकेचें खातें कोणतें, अशी त्यांत विचारपूस असते. पूर्वीं या अर्जावर वीज कंपनीकडून तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी होत असे. २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र शासनानें वीज ग्राहकांच्या हक्कांविषयींच्या नियमांत दुरुस्ती केली, आणि दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना त्या तपासणीवांचून मान्यता मिळाली असें समजावें, असें ठरविलें. दहा किलोवॉटच्या वरच्या अर्जांसाठीं तपासणीची मुदत वीस दिवसांवरून पंधरा दिवसांवर आणली. हा बदल सोयीचा आहे, यांत शंका नाहीं. परंतु वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही व्यवहार्यता वीजवाहिनीची होती, घराची नव्हती. आपल्या गल्लींतील ट्रान्सफॉर्मरला ही वीज पेलेल कीं नाहीं, एवढेंच त्यांत पाहिलें जाई. आपल्या स्लॅबला पेलेल कीं नाहीं, हें तेव्हांही पाहिलें जात नसे. तेव्हां अर्ज मंजूर झाल्याचा निरोप मोबाइलवर आला म्हणजे छपराचीही परीक्षा उत्तीर्ण झाली, असा अर्थ कोणी घेऊं नये.

मग छपराविषयीं कांहींच नियम नाहींत काय? आहेत, पण ते निरनिराळ्या ठिकाणीं विखुरलेले आहेत. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानें गच्चीवरील सौर योजनांसाठीं घालून दिलेल्या तांत्रिक अटींत सांगाड्याविषयीं स्पष्ट सूचना आढळतात. सांगाडा ताशीं १५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांत टिकला पाहिजे. लोखंडावर जस्ताचा मुलामा निदान ८० मायक्रॉन जाडीचा पाहिजे. आणि पॅनेलांसह सर्व सांगाड्याचा गच्चीवर पडणारा भार चौरस मीटरला ६० किलोंहून कमी असला पाहिजे. दुसरा नियम घराच्या वयाचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमांतील कलम २६५-अ प्रमाणें तीस वर्षें पुरीं झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून, म्हणजे लोक ज्याला स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणतात त्याच्याकडून, तपासणी करून घेणें ही मालकाची जबाबदारी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही पंधरा ते तीस वर्षें वयाच्या इमारतींची दर पांच वर्षांनीं आणि त्याहून जुन्या इमारतींची दर तीन वर्षांनीं अशी तपासणी सांगितली आहे. म्हणजे एक नियम वर ठेवायच्या सांगाड्याविषयीं बोलतो, दुसरा खालच्या घराविषयीं. या दोहोंची गांठ घालून देण्याचें काम मात्र घरधन्यालाच करावें लागतें.

आतां भाराविषयीं. पॅनेलें हलकीं असतात, हें त्या गृहस्थांचें म्हणणें खोटें नव्हतें. हल्लीं घरांवर बसविलें जाणारें साडेपांचशें वॉटचें एक पॅनेल सुमारें साडेसात फूट लांब व पावणेचार फूट रुंद असतें, आणि त्याचें वजन २८ किलोंच्या आसपास भरतें. तीन किलोवॉटांसाठीं अशीं सहा पॅनेलें लागतात. त्यांचें क्षेत्रफळ सुमारें साडेपंधरा चौरस मीटर व वजन १७० किलोंच्या आंतबाहेर. सांगाडा धरूनही चौरस मीटरला पंधरा-वीस किलोंहून अधिक भार सहसा होत नाहीं. उलट, माणसांचा वावर असलेल्या गच्चीचा आराखडा करतांना चौरस मीटरला सुमारें १५० किलो भार गृहीत धरावा, असें भारतीय मानक सांगतें. लग्नमुंजीच्या पंक्ती ज्या गच्चीवर उठल्या, तिला सहा पॅनेलांचें ओझें तें काय? येथवर हिशेब सरळ आहे, आणि बहुतेक मंडळी येथेंच थांबतात.

परंतु पॅनेलांचा खरा शत्रु भार नव्हे, वारा होय. पॅनेल म्हणजे आडवें ठेवलेलें शीड. त्याच्या खालून वारा शिरला म्हणजे तो त्याला वर उचलूं पाहतो. वाऱ्याच्या भाराविषयींचें भारतीय मानक, आयएस ८७५ भाग ३, याच्या २०१५ च्या आवृत्तींत देशाचा नकाशा दिला असून प्रत्येक भागासाठीं वाऱ्याचा मूळ वेग ठरवून दिला आहे. पुणें व नाशिक या शहरांसाठीं तो सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशीं १४० किलोमीटर. मुंबई व नागपूर यांसाठीं ४४ मीटर, म्हणजे ताशीं जवळजवळ १६० किलोमीटर. या वेगाचा दाब काढण्याचें सूत्र शाळकरी मुलालाही मांडतां येईल असें आहे. वेगाचा वर्ग करावा व त्याला ०.६ नें गुणावें. उत्तर न्यूटनांत येतें. ३९ चा वर्ग १५२१, त्याची ०.६ पट ९१३ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारें ९३ किलोंचा दाब. मुंबईच्या वेगानें हाच दाब ११८ किलोंवर जातो. घराची उंची, भोंवतालची मोकळी जागा व पॅनेलांचा कल यांप्रमाणें हा आंकडा कमीजास्त होतो. तथापि अंदाज यावा म्हणून तो साडेपंधरा चौरस मीटरांना लावून पाहा. सहा पॅनेलांवर वाऱ्याचा जोर चौदाशें किलोंच्या घरांत जातो. आणि त्याला खालीं धरून ठेवण्यास पॅनेलांचें स्वतःचें वजन किती, तर अवघें १७० किलो! पॅनेलें हलकीं आहेत, हाच त्यांचा दोष. राहिलेला सर्व जोर सांगाड्याच्या पायांना आणि ते पाय ज्यांत रोवले त्या स्लॅबला सोसावा लागतो. ‘काळजीचें कारण नाहीं’ असें ज्या हलकेपणामुळें आम्हांला सांगण्यांत आलें, काळजीचें कारण नेमकें तोच होता.

येथें आमच्या काकूंचा प्रश्न उपस्थित झाला. पॅनेलांनीं गच्ची व्यापली तर वाळवण कोठें घालायचें? त्या गृहस्थांकडे यावर तोड तयार होती. आठ फूट उंचीच्या लोखंडी खांबांवर मांडव उभारून पॅनेलें वर चढवावीं, म्हणजे खालची सारी गच्ची मोकळी राहते. घरांतील स्त्रीवर्गाला ही कल्पना फार आवडली. उन्हाळ्यांत सावलीही मिळेल, असें मुलांनीं पुस्तीस जोडलें. पण वाऱ्याचा हिशेब कळल्यावर या सोयीची किंमत आमच्या ध्यानांत आली. मांडव जितका उंच, तितका वारा त्याच्या खालून मोकळेपणानें शिरतो. आणि खांब जितका लांब, तितका त्याच्या बुडाशीं पडणारा हिसका मोठा. लांब दांड्याच्या पहारेनें दगड सहज उखडतो, तोच हा न्याय. असा मांडव उभारूं नये असें नाहीं. पण तो उभारावयाचा तर खांब घराच्या तुळयांवर व खालच्या स्तंभांच्या रेषेंतच यावयास हवेत, आणि त्याचा आराखडा अभियंत्याच्या सहीचा हवा. शिवाय अशा मांडवाला पुढें पत्रे जोडून आडोसे घातले, तर ते सौर सांगाडा न राहतां बांधकाम ठरतें, आणि त्याला महानगरपालिकेची वेगळी परवानगी लागते. सोलरच्या नांवाखालीं गच्चीवर खोली उठविण्याचा मोह पुष्कळांना होतो; तो आवरावा हें बरें.

शेवटीं काकांच्या आग्रहावरून एका संरचना अभियंत्यास घर दाखविण्याचें ठरलें. पुतण्या जरा रुष्ट झाला. अनुदानाची योजना संपून जाईल, अशी त्याला धास्ती होती. अभियंते आले ते गच्चीवर न जातां प्रथम वरच्या मजल्यावरील खोल्यांत शिरले, आणि आढ्याकडे पाहूं लागले. हातांतील लहान हातोडीनें ते छताला ठिकठिकाणीं ठोकीत होते. जेथें कॉंक्रीट धड होतें तेथें आवाज टणक येई. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यांतील खोलींत मात्र तो एकाएकीं पोकळ येऊं लागला. तेथील गिलावा थोडा उतरविला, तों आंतील सळया तांबूस होऊन फुगलेल्या, आणि त्यांच्या फुगण्यानें खालचें कॉंक्रीट सुटलेलें दिसलें. त्या कोपऱ्यावर पाण्याची टांकी आहे; तिची झिरप वर्षानुवर्षें मुरत राहिली होती. पॅनेलांच्या आकृतींतील दोन पाय नेमके त्याच भागावर पडत होते. आणि त्या खोलींत आमच्या घरचीं तीन मुलें निजतात. काकू तेथेंच उभ्या होत्या. त्यांनीं कांहीं न बोलतां मुलांचीं अंथरुणें गुंडाळलीं आणि माजघरांत नेऊन टाकलीं.

त्यानंतर अभियंते गच्चीवर गेले. तेथें त्यांनीं कोबा एका जागीं फोडून पाहिला. विटांच्या तुकड्यांचा जो कोबा गळती थांबविण्यासाठीं आपल्याकडे घालतात, त्याचे दोन थर निघाले. एक १९७४ चा मूळचा, दुसरा १९९८ सालीं गळती लागल्यावर पहिल्याच्या डोक्यावर घातलेला. दोहोंची मिळून जाडी आठ इंच भरली. अशा कोब्याचें वजन चार इंचांस चौरस मीटरला दोनशें किलोंच्या आसपास असतें. अभियंते म्हणाले, “पॅनेलांच्या वीस किलोंची आपण इतकी चर्चा करतां. दुसऱ्या कोब्याचे दोनशें किलो या स्लॅबवर पंचवीस वर्षांहून अधिक काळ आहेत, आणि ते ठेवतांना आपण कोणालाच विचारलें नाहीं.” काकांनीं मान खालीं घातली. तो दुसरा कोबा त्यांच्याच देखरेखीखालीं घातला गेला होता. आमच्या घरापुरतें बोलायचें, तर संकट सूर्यानें आणलें नव्हतें. तें घरांतच होतें. सूर्याच्या निमित्तानें तें उघडकीस आलें, एवढेंच.

कोब्याविषयीं आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून समजली, ती सर्वांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सांगाड्याचा पाय गच्चीवर बसवितांना पुष्कळदां कोब्यांतच भोंक पाडून बोल्ट ठोकतात. तो वरून घट्ट दिसतो. पण विटांच्या तुकड्यांना वाऱ्याचा हिसका सोसण्याची शक्ति नसते, आणि त्या भोंकांतून पावसाचें पाणी मात्र सरळ स्लॅबपर्यंत पोंचतें. उलट बोल्ट स्लॅबमध्यें खोल नेला, तर पांच इंचांच्या स्लॅबला इजा होण्याचें भय. यावर चांगला उपाय म्हणजे जुना कोबा काढून, तुळयांच्या रेषेवर स्लॅबशीं सांधलेले कॉंक्रीटचे लहान ओटे आधीं ओतून घ्यावे. त्यांभोंवतीं नवा जलरोधक थर नीट वर चढवून घ्यावा. आणि सांगाड्याचे पाय त्या ओट्यांवर बसवावे. कांहीं ठिकाणीं भोंक न पाडतां नुसते जड ठोकळे पायांवर ठेवून सांगाडा दाबून धरतात. त्यांत गळतीचें भय नसतें. पण वाऱ्याच्या चौदाशें किलोंना पुरून उरतील एवढे ठोकळे ठेवावयाचे, तर मग भाराचा प्रश्न पुन्हां दारांत येऊन उभा राहतो.

येथवर स्लॅबच्या घरांची गोष्ट झाली. परंतु आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मूळ घरें कोंकणांत आहेत, आणि तीं कौलारू आहेत. दापोली तालुक्यांत आमच्या चुलत घराण्याचें असेंच एक घर आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें, तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता, आणि मधून मधून येणारे झोत १३० पर्यंत गेले होते. त्या दुपारीं त्या घराचीं अर्धीं कौलें उडालीं, एक वासा मोडला, आणि मंडळींनीं देवघराच्या भिंतीशीं बसून ती वेळ काढली. आतां तेथेंही पॅनेलांचा विचार चालला आहे. कौल स्वतः कांहींच भार घेऊं शकत नाहीं. तें नुसतें रिपांवर टेकलेलें असतें. म्हणून पॅनेलांचा सांगाडा कौलांखालून वाशांना पकडूनच बसवावा लागतो, आणि मग प्रश्न येतो वाशांच्या तब्येतीचा. वाळवी लागलेला, भुंग्यानें पोखरलेला किंवा भिंतींत घुसल्या जागीं ओल लागून कुजलेला वासा बाहेरून धडधाकट दिसतो. टोचणीनें टोचून पाहिल्यावांचून त्याची परीक्षा होत नाहीं. सिमेंटच्या पत्र्यांविषयीं तर एवढेंच सांगतों कीं, त्यांवर माणसानें पाय ठेवणेंही धोक्याचें. पॅनेलें बसविणें दूरच राहिलें. दापोलीच्या मंडळींना आम्हीं हेंच कळविलें कीं, आधीं सुताराला वर चढवा, मग सोलरवाल्याला.

या बाबतींत इतरत्र काय व्यवस्था आहे, अशी जिज्ञासा आम्हांला होती. आमची एक भाची अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांत राहते. तिच्या घरावर पॅनेलें बसलीं तेव्हांची हकीकत तिनें सांगितली. त्या राज्यानें २०१४ सालीं कायदा करून दहा किलोवॉटपर्यंतच्या घरगुती योजनांना त्वरित परवानगी देण्याची सोय केली. म्हणजे घाई त्यांनाही होतीच. परंतु परवानगी झटपट देतांना त्यांनीं छपराला वगळलें नाहीं. छपराविषयींच्या प्रश्नांची एक छापील यादीच केली. छप्पर कोठें खचलें आहे काय, लांकूड कुजलें आहे काय, पॅनेलांचा भार चौरस फुटाला चार पौंडांहून, म्हणजे चौरस मीटरला साडेएकोणीस किलोंहून, अधिक तर होत नाहीं ना, पॅनेल छपरापासून फार उंच तर नाहीं ना, सांगाड्याचे आधार किती अंतरावर आहेत, असे ते प्रश्न. सर्वांचीं उत्तरें समाधानकारक असलीं तर परवानगी विनाविलंब. एखादें उत्तर अडलें तर अभियंत्याचा हिशेब जोडावा. आमच्या मतें यांतील शहाणपणा घेण्यासारखा आहे. घराची तपासणी म्हणजे महिनोन्‌महिन्यांची रखडपट्टी, असें समीकरण असण्याचें कारण नाहीं. योग्य प्रश्न एका कागदावर मांडले, तर अर्धा दिवस पुरतो. आपल्याकडे शासन असा कागद देईल तेव्हां देवो. तोंपर्यंत घरधन्यानें तो स्वतःच करावा.

कागदपत्रांचा आणखी एक भाग आहे, आणि एकत्र कुटुंबांना तो विशेष लागू पडतो. आमचा मीटर अजूनही आजोबांच्या नांवावर होता. त्यांना जाऊन वीस वर्षें झालीं. वीज मात्र त्यांच्याच नांवानें येत होती, आणि बिल भरलें जात असल्यामुळें कोणाला त्याचें कांहीं वाटत नव्हतें. अनुदान मिळावयाचें तर मीटर हयात व्यक्तीच्या नांवावर हवा, आणि त्याच नांवाचें बँकखातें हवें. नांव बदलण्यासाठीं वारसांचे कागद काढले, तेव्हां दोन्ही आत्यांची संमतिही घेतली. वडिलांच्या मिळकतींत मुलींचाही वारसा आहे, हें आपण बोलतों पुष्कळ, आचरतांना विसरतों. धाकट्या आत्या सही करतांना म्हणाल्या, “इतक्या वर्षांनीं या घराच्या कागदावर माझें नांव विचारलेंत, बरें वाटलें.” ज्यांचीं घरें गृहनिर्माण संस्थांत आहेत त्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, गच्ची ही सामाईक असते, सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची ती होत नाहीं. तेथें संस्थेचा ठराव व ना-हरकत पत्र आधीं, पॅनेलें मागाहून. जीं घरें वारसा-वास्तूंच्या यादींत आहेत, त्यांना त्या समितीचीही अनुमति लागते.

आमच्या घराचें पुढें काय झालें, हें वाचक विचारतील. अभियंत्यांचा अहवाल आल्यावर पुन्हां रविवारची बैठक बसली. दुरुस्तीचा खर्च अनुदानाच्या रकमेहून अधिक होता. पुतण्या म्हणाला, “काका, आतां वर्ष गेलें तर योजना हातची जाईल.” काका म्हणाले, “गेली तर वीज विकत घेऊं. आजवर घेतलीच कीं. पोरांच्या डोक्यावरचें छत विकत मिळणार आहे काय?” यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. दुरुस्तीला चार महिने लागले. दोन्ही कोबे उतरविले, टांकी हलविली, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यांतील सळया साफ करून त्यांना गंजरोधक लेप दिला व सुटलेलें कॉंक्रीट नव्यानें भरलें. मग तुळयांवर ओटे, त्यावर नवा जलरोधक थर, आणि सर्वांत शेवटीं पॅनेलें. तीं ठेंगणीं बसविलीं आहेत. मागची बाजू कमरेइतकी उंच. गच्चीचा दक्षिणेकडचा अर्धा भाग त्यांचा, उत्तरेचा काकूंचा. योजनाही तोंवर संपली नव्हती. पुतण्याला त्याचें अनुदान मिळालें.

आमच्या अनुभवांतून निघालेली यादी वाचकांसाठीं येथें देतों. घराला तीस वर्षें झालीं असल्यास सोलरवाल्याच्या आधीं अभियंत्याला बोलवावें. घर त्याहून नवें असलें तरी छताला कोठें ओल, भेग वा गंजाचा डाग दिसल्यास हेंच करावें. गच्चीवर कोब्याचे किती थर आहेत तें विचारावें. सांगाड्याचे पाय तुळयांवर येतात कीं नुसत्या स्लॅबच्या मध्यावर, तें आकृतींत दाखवावयास सांगावें. सांगाडा आपल्या गांवच्या वाऱ्याच्या वेगासाठीं मोजला आहे असें लेखी घ्यावें. तोंडी आश्वासन वादळांत उपयोगी पडत नाहीं. गळती लागल्यास ती कोणी दुरुस्त करावयाची, हें करारांत असावें. या योजनेखालीं पांच वर्षें देखभालीची जबाबदारी बसविणाऱ्यावर आहे, तिच्यांत गळतीचाही उल्लेख करून घ्यावा. पॅनेलांभोंवतीं धुण्यापुसण्याला व टांकीपर्यंत जाण्याला वाट राखावी. अर्थिंग व वीजरोधक यांत काटकसर करूं नये.

पॅनेलांचें आयुष्य पंचवीस वर्षांचें धरतात. म्हणजे आज आपण गच्चीचा जो भाग झांकूं, तो आपल्यांतील कित्येकांच्या हयातींत पुन्हां उघडा पडणार नाहीं. जें इतका काळ झांकून ठेवावयाचें, तें झांकण्यापूर्वीं एकदां डोळे उघडून पाहावें, एवढेंच आमचें सांगणें. सूर्य कोठें जात नाहीं. तो उद्यांही त्याच वेळीं येईल, आणि छप्पर धड असेल तर त्याला तें आनंदानें पेलेल.